राखणीची बंदूक

१६ मार्च २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ७ मे रोजी मतदान झाले, निकाल ४ जूनला लागला. या तारखा हापूसच्या बागायतदारापुढे ठेवल्या तर त्याच्या तोंडून एखादी अस्सल कोकणी शिवी बाहेर पडेल. मार्चच्या मध्यापासून जूनच्या तोंडापर्यंतच त्याचे अख्खे वर्ष असते, आणि परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या सूचना येतात त्याही याच दिवसांत. त्याच वर्षी विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली ती २३ नोव्हेंबरच्या निकालापर्यंत. तेव्हा भात कापणीला आलेले, काही आडवे पडलेले, आणि रात्री रानडुकरांचा कळप बांध फोडून आत.

सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करून घेऊ नका, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांच्या छाननी समितीने एकेक परवाना तपासून ठरवा, अशी रीत कागदावर आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही सरसकटपणावर बोट ठेवलेले आहे. तरी दर निवडणुकीला कोकणातल्या शेतकऱ्यांची निवेदने ठरलेली: आमची शेतीसंरक्षक बंदूक आम्हाला परत द्या, आम्ही ती मतदान केंद्रावर नेणार नाही. त्या निवेदनांकडे शहरातला वाचक गमतीने बघतो. बंदूक म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे गुंड येतो, नाहीतर सिनेमा. रत्नागिरीत मंडणगडपासून राजापूरपर्यंत बंदूक हे राखणीचे अवजार आहे. गोफण, गलोल, पत्र्याचा डबा आणि सुतळी बॉम्ब यांच्या रांगेतले शेवटचे.

अवजारच म्हणायचे तर कोकणी माणूस एक धारदार हत्यार रोज उघडपणे बाळगतो. कमरेला आकडी, आकडीत कोयती, आणि स्वारी निघाली बाजाराला. एसटीत शेजारी बसलेल्या कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. पण तोच कोयता पुण्यात टोळक्यांच्या हातात गेला आणि २०२३ च्या सुरुवातीला तिथल्या पोलिसांनी कोयता विकताना गिऱ्हाईकाचे आधार कार्ड मागायला विक्रेत्यांना सांगितले. वस्तू तीच, ती कोण, कुठे, कशासाठी घेऊन चालला आहे हे बघणाऱ्याला ठाऊक आहे की नाही, एवढाच फरक. गावात ते ठाऊक असते, शहरात नसते. बंदुकीच्या परवान्याचा सगळा पसारा हे ‘ठाऊक असणे’ सरकारी कागदावर आणण्यासाठी उभा आहे, असे मला वाटते.

रत्नागिरीच्या वर्तमानपत्रांत आणखी एक छोटी बातमी वर्षभर दिसत राहते: जिल्ह्यात मनाई आदेश जारी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. सण, मोर्चा, निवडणूक, जयंती, निमित्त काहीही असो, तलवारी, भाले, सोटे, बंदुका, सुरे, लाठ्या घेऊन सार्वजनिक ठिकाणी फिरायला बंदी. ही बातमी इतक्या वेळा येते की कोणी वाचत नाही. पण घरी बंदूक ठेवण्याचा परवाना असला म्हणून ती खांद्यावर टाकून चव्हाट्यावर जाण्याचा हक्क मिळत नाही, हे ती बातमी दर वेळी सांगत असते. २०१६ च्या शस्त्र नियमांनीही सार्वजनिक जागी शस्त्र मिरवायला, ते परजून दाखवायला मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नावरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. दसऱ्याला बंदुकीला झेंडूचे फूल वाहून फोटो काढण्याची हौस असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

कायद्यात शेतकऱ्यासाठी एक जुनी खोली राखून ठेवलेली आहे. कलम १३ म्हणते की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी, नळी आतून गुळगुळीत असलेली बंदूक देता येईल. ठासणीची बंदूक ज्याने पाहिली आहे त्याला या तरतुदीचे हसू येईल. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छरे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचे, मागे टोपी चढवायची आणि चाप ओढायचा. एक बार. पुढच्या बाराची तयारी होईपर्यंत डुक्कर दुसऱ्या गावच्या हद्दीत. पावसाळ्यात दारू सर्दावली तर तोही नाही. १९५९ साली संसदेत बसलेल्यांना शेतकऱ्याच्या हाती एवढेच द्यायचे होते: आवाज जास्त, मार कमी. आवाजाने डुकरे पळत होती तोवर ते चाललेही.

आता पळत नाहीत. याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. वाडीतली निम्मी घरे गणपती-शिमग्याला उघडतात. वरकस जमिनीत नाचणी-वरी होत होती तिथे घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या माजल्या, आणि त्या जाळ्यांत डुकरांनी घर केले. शेवटच्या घरातला म्हातारा आणि जंगल यांच्यामध्ये पूर्वी दहा जणांची कसलेली शेते होती, आता काही नाही. वांदरांचे वेगळे. ते दिवसाढवळ्या येतात, नारळाची शहाळी फोडतात, हापूसचे फळ एक घास खाऊन टाकून देतात, कौले सरकवतात. आणि वांदरावर बंदूक चालवायची नाही हे कायद्याच्या आधी मनानेच ठरवलेले असते. मारुतीच्या देवळात तेल वाहणारा हात चापावर जड होतो. नुसता बार काढायला म्हणून जी बंदूक हवी असते ती याच्यासाठी.

परवाना मिळवायला किती पायऱ्या? जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेकडे ऑनलाइन अर्ज, पोलिसांची चौकशी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, ते सुरक्षित ठेवण्याची हमी, राष्ट्रीय नोंदीतला क्रमांक. यातले काहीही अवाजवी नाही, स्वतंत्रपणे घेतले तर. पण शेतीसंरक्षणासाठी परवाना म्हटला की शेत कोणाचे हे दाखवावे लागते, आणि कोकणातला सातबारा म्हणजे आजोबा, चुलत आजोबा, त्यांचे हयात-मयत वारस, माहेरवाशिणी अशी वीस-बावीस नावांची पंगत. बंदूक मागणारा त्या पंगतीत सतराव्या पानावर बसलेला. कसणारा तो एकटा, कागदावर तो एक अंश. मग अर्ज फिरत राहतो.

आणि परवाना मिळाला तरी तो माणसाला मिळतो, बागेला मिळत नाही. मला तरी सगळ्या वादाची गाठ इथेच दिसते. रत्नागिरी, पावस, गणपतीपुळ्याच्या आसपासच्या मोठ्या बागा राखतो कोण? नेपाळहून हंगामापुरता आलेला गुरखा. झापाच्या खोपीत तो, त्याची बायको, एक कुत्रा आणि एक बॅटरी. परवानाधारक मालक शहरात, दहा-पंधरा किलोमीटरवर. मालकाने आपली बंदूक त्याच्या हाती दिली की दोघेही गुन्हेगार. कायद्याच्या कलम ३ मध्ये एक बारीकशी फट आहे: परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुसरा माणूस ते शस्त्र वाहून नेऊ शकतो, पण ते दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी. म्हणजे गुरख्याने बंदूक मालकामागून वाहून आणावी, मालकाने बार काढावा, गुरख्याने ती परत न्यावी. संस्थानिकांच्या शिकारीला साजेशी ही व्यवस्था, रात्री दोन वाजता वांझोटी ठरते.

या अडचणींतून तिसरीच गोष्ट पिकली आहे. बिनपरवाना बंदूक. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बातम्यांत ती नियमित भेटते: गावठी बनावटीची, सिंगल बॅरल, सोबत चार-दोन काडतुसे, रात्री जंगलात जाणारे तिघे-चौघे, बॅटऱ्या आणि एखादी दुचाकी. सगळेच राखणीला निघालेले असतात असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. डुकराच्या मटणाला गिऱ्हाईक आहे, पारधीची मजा आहे, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना दाखवायची मर्दुमकी आहे. अशाच रात्री झाडीत हललेल्या सावलीवर बार निघतो आणि पडतो तो आपल्यातलाच एक. मग बंदूक लपवायची, पडल्याचा बनाव रचायचा, आणि दोन दिवसांनी पोलिसांपुढे सगळे ओकायचे. परवाना असता तर अपघात टळला असता असे मी म्हणत नाही. पण बिनपरवाना बंदूक असली की जखमीला आधी दवाखान्यात न्यावे की आधी बंदूक पुरावी, असा विचार माणसाच्या मनात येतो, आणि त्यात जे मोलाचे तास जातात ते कुठल्याही आकडेवारीत दिसत नाहीत. २०१९ पासून बिनपरवाना शस्त्र बाळगण्याची किमान शिक्षा एका वर्षावरून दोन वर्षांवर आणि कमाल तीनवरून पाचवर गेली आहे. शिक्षा वाढली, पण परवान्याची वाट तेवढीच चढणीची राहिली.

बिनपरवाना शस्त्राला स्वसंरक्षणाचे कारण न्यायालयात टिकत नाही, याचा मोठा धडा रत्नागिरीच्या उत्तरेला बाणकोटच्या खाडीपलीकडे घडला होता. १९९३ मध्ये श्रीवर्धनजवळ शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके आणि शस्त्रे उतरली, त्यातून घडलेल्या बॉम्बस्फोटांनी मुंबई हादरली, आणि त्या खटल्यात एका नटाला बेकायदा शस्त्रे बाळगल्याबद्दल दोषी ठरवणे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कायम ठेवले आणि शिक्षा पाच वर्षांवर आणली. दंगलीच्या भीतीने घरच्यांच्या रक्षणासाठी शस्त्र घेतले, ही संजय दत्तची बाजू होती.

इथवर पोटापाण्याचे झाले. पण रत्नागिरी जिल्ह्याला शस्त्राच्या हक्काच्या वादात याहून मोठी जागा आहे, आणि ती सहसा एकत्र सांगितली जात नाही.

लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ साली, हिंदुस्थानाला निःशस्त्र करणारा शस्त्र कायदा आला. त्यातून गोरे लोक वगळलेले होते, हा खरा डंख. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध ठराव होत राहिले. रत्नागिरीच्या टिळक आळीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्यांच्या पिढीला ही गोष्ट अपमानाची वाटत होती. गांधींसारख्या अहिंसावाद्यानेही १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्याला इंग्रजी राजवटीच्या काळ्या कृत्यांत सर्वांत वरचे स्थान दिले. खेड तालुक्यातल्या आयनी गावचा अनंत कान्हेरे ठरावांच्या वाटेने गेला नाही. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनच्या पेटीच्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पिस्तुले पाठवली होती. त्यांतल्या एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’चा प्रयोग चालू असताना कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला मारले. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कर्वे आणि देशपांडे यांच्याबरोबर तो फासावर गेला. त्याच प्रकरणात शिक्षा झालेले सावरकर १९२४ मध्ये अंदमान-येरवड्याच्या तुरुंगांतून सुटून स्थानबद्ध म्हणून आले ते रत्नागिरीतच, आणि १९३७ पर्यंत इथेच राहिले. बाहेर पडल्यावर वर्षभरात, १९३८ च्या मुंबईच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून, त्यांनी साहित्यिकांना लेखण्या मोडून बंदुका घ्यायला सांगितले. साहित्यिकांनी ते मनावर घेतले नाही, हे मराठी वाचकांचे नशीब म्हणायचे की दुर्दैव, ते ज्याने त्याने ठरवावे.

दुसरी कहाणी दापोलीची. काप दापोलीच्या छावणीत निवृत्त महार सैनिकांची वस्ती होती. पिढ्यान्‌पिढ्या कंपनी सरकारच्या पलटणीत बंदूक खांद्यावर घेतलेली ही माणसे. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ‘लढाऊ जमाती’चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली. तेव्हा पलटणीतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी दापोलीतून १८९४ मध्ये सरकारला विनंतिपत्र लिहिले: भरती पुन्हा उघडा. ज्या गावाने यांना विहिरीवर येऊ दिले नाही, त्याच गावात यांच्या अंगावर कधीकाळी गणवेश आणि हाती बंदूक होती. ती बंदूक स्वतःच्या मालकीची नव्हती, कामाची होती; पण तिने दिलेली मान वर करण्याची मुभा खरी होती. दापोलीच्या याच वस्तीत सुभेदार रामजी सकपाळांचे बिऱ्हाड काही काळ होते. त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. त्यांच्या मुलाचे नाव भीमराव.

१९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता. तेव्हा स्वतंत्र भारताच्या संविधानात तो येणार असेच कोणालाही वाटले असते. डिसेंबर १९४८ च्या सुरुवातीला संविधान सभेत ह. वि. कामत यांनी त्यासाठी दुरुस्ती मांडलीही. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की परक्या सरकारने लोकांना निःशस्त्र केले होते तेव्हाची मागणी वेगळी होती, आता परिस्थिती बदलली आहे. हा हक्क सरसकट दिला तर तो अट्टल गुन्हेगारालाही मिळेल. आणि आग्रह धरायचा तर व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा न धरता ते उचलण्याच्या कर्तव्याचा धरावा. देशावर प्रसंग आला तर प्रत्येकाने उभे राहावे, या अर्थी. गुन्हेगारांच्या उल्लेखात त्या काळी ‘गुन्हेगार जमाती’ म्हणून शिक्का मारलेले समाजही आले, ते आज वाचताना टोचते. तो शिक्का पुढे १९५२ मध्ये कायद्याने पुसला, व्यवहारातून अजून पुरता गेलेला नाही. पण ‘हक्क’ आणि ‘कर्तव्य’ यांतली ही निवड मला दापोलीच्या त्या विनंतिपत्रापासून तोडून बघता येत नाही. ज्यांच्या घरात बंदूक पलटणीतून आली, त्यांना ती राज्याच्या शिस्तीत हवी होती. गावात सगळ्यांना मोकळीक दिली असती तर बंदूक आधी कोणाच्या ओसरीवर टांगली गेली असती, हे आंबडव्याच्या माणसाला सांगावे लागत नव्हते. संविधानाने शेवटी नागरिकाला जमण्याचा हक्क दिला तो शांततेने आणि विनाशस्त्र.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. तिथली दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची. पण परवान्याशिवाय पिस्तूल कमरेला लावून रस्त्यावर फिरण्याची मुभा हे तिथेही बव्हंशी अलीकडचे प्रकरण आहे. व्हरमाँटमध्ये ती पूर्वीपासून. अलास्काने २००३ मध्ये दिली, अ‍ॅरिझोनाने २०१० मध्ये, टेक्सासने १ सप्टेंबर २०२१ पासून, आणि मार्च २०२४ मध्ये साउथ कॅरोलायना हे २९ वे राज्य झाले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालाने तर घराबाहेर शस्त्र बाळगणे हा घटनात्मक हक्कच मानला. समर्थकांचे म्हणणे साधे आहे: गुंड परवाना काढत बसत नाही, मग सज्जनाला रांगेत का उभे करता? हे वाक्य रत्नागिरीच्या बागायतदाराला ऐकवले तर तो मान डोलावेल, कारण त्याचाही अनुभव तोच. पण त्याला मारायचे आहे ते डुक्कर, आणि तेही स्वतःच्या बांधाच्या आत. रस्ता, बाजार, शाळा, देऊळ यांच्याशी त्याच्या बंदुकीचे काही काम नाही. अमेरिकेतला वाद नेमका या चार ठिकाणांचा आहे. दोन्हींत बंदूक आहे म्हणून ते एक होत नाहीत. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बिनपरवाना शस्त्रांची स्वतःहून दखल घेताना नोंदवले, की अमेरिकेसारखा शस्त्राचा मूलभूत हक्क आपल्याकडे नाही.

भारतातच कर्नाटकातल्या कोडगूमध्ये मात्र कोडवा समाजाला आणि जम्मा नावाच्या वहिवाटीच्या जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. केंद्राने ती २०१९ मध्ये दहा वर्षांनी वाढवली, कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उचलून धरली. कोकणातल्या सभांत हे उदाहरण निघते: त्यांना आहे, आम्हाला का नाही? सूट असली तरी ती असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, म्हणजे बंदुकीची नोंद तिथेही आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि ती सूट एका समाजाच्या परंपरेला दिलेली आहे. कोकणात अशी सूट कोणत्या समाजाला द्यायची, हा प्रश्न सभेत विचारून पाहावा. सभा लवकर आटोपेल.

माझे मत सांगायचे तर, परवान्याशिवाय बंदूक घेऊन फिरण्याची मोकळीक इथे मागू नये आणि देऊ नये. पण शेतीसंरक्षक परवाना हा प्रकार गृह शाखेच्या इतर फायलींतून वेगळा काढावा. त्याची चौकशी तालुक्याला व्हावी, सामाईक सातबाऱ्यावर कसणाऱ्याच्या पीकपाहणीची नोंद पुरेशी मानावी, ठासणीच्या बंदुकीचा आग्रह सोडावा, आणि निवडणुकीत या बंदुका जमा करायच्याच असतील तर का, हे प्रत्येक परवान्यापुढे लिहून द्यावे. डुकरापुरते शासनाने जुलै २०१५ मध्ये एक पाऊल टाकले होते: पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकराला आणि रोह्याला मारायची परवानगी वनक्षेत्रपालाच्या पातळीवर मिळू शकते. परवानगी मिळाली, पण मारायचे कशाने, हा प्रश्न पुन्हा गृह शाखेच्या दारात.

केरळने मे २०२२ मध्ये आणखी पुढे जाऊन स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांनाच मानद वन्यजीव रक्षक नेमले. रानडुक्कर मारायचा आदेश पंचायतीने द्यायचा, आणि परवाना असलेल्या, नावे नोंदलेल्या नेमबाजांनी तो अमलात आणायचा. कोकणाला हे सगळ्यांत जवळचे वाटते. बंदूक एका माहीत असलेल्या हातात, ती कोणत्या रात्री कोणत्या शेतात जाणार हे पंचायतीला ठाऊक, गुरख्याला फक्त फोन करायचा. चोरून पारध करणाऱ्याला मग राखणीचा आडोसा राहत नाही.

फक्त हा नेमबाज आणायचा कुठून? २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याने पंचवीस वर्षे शस्त्र सांभाळले, की ते वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. कोकणातले कितीतरी परवानाधारक या दोन्ही अटी कधीच पार करून बसले आहेत. वारस विरारला किंवा डोंबिवलीला. बंदूक त्याच्या नावावर झाली तर पत्ता तिथला लागतो आणि ती राहायला हवी संगमेश्वरात, भाताच्या खाचराशेजारी. नाही झाली तर बापाच्या पश्चात ती एके दिवशी पोलीस ठाण्यात जमा होते, आणि त्या घरापुरता निवडणूक केव्हा आहे हा प्रश्नही संपतो.